कराची ते जुहू : ८७५ किलोमीटरांचा बदलता हिशेब

कराची आणि मुंबई या दोन शहरांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर आहे. मुंबई ते दिल्ली हेच अंतर सुमारे १,१४० किलोमीटर भरते. म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून पाहिले, तर मुंबईला देशाच्या राजधानीपेक्षा कराची जवळ. १९३२ साली एक इंजिन असलेले, रेडिओ नसलेले एक चिमुकले विमान वाटेत अहमदाबादला थांबून सव्वासात तासांत कराचीहून जुहूला येऊन पोहोचले. आजच्या जेट विमानाला याच अंतरासाठी दीड-पावणेदोन तास पुरेत. आणि तरीही आज कराचीत विमानात बसलेल्या प्रवाशाला सव्वासात तासांत मुंबई गाठणे जवळजवळ अशक्य आहे.

विमानांचा वेग पाच-सहा पटींनी वाढला आणि प्रवास लांबला. हे घडले कसे, त्याची ही कहाणी. तिचा बराचसा भाग आकाशात नसून अंधेरी-पार्ल्याच्या पश्चिमेकडील खाजणात घडतो.

आरंभी थोडे गणित. दोन शहरांतले हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर त्या दोन बिंदूंमधून जाणारी सर्वांत आखूड रेषा. लांबच्या प्रवासात ही रेषा सपाट नकाशावर कमानीसारखी वाकलेली दिसते. कराची-मुंबईसारख्या पल्ल्यात हा फरक नगण्य असतो. प्रवासाचा वेळ मात्र इतका सरळ नाही. वेळापत्रकात छापलेला काळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी थांबेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतची रखडपट्टी येते, समोरून येणारा वारा येतो, उतरण्याची पाळी येईपर्यंत आकाशात घातलेल्या घिरट्या येतात. अंतर भूगोल ठरवतो. वेळ ठरवणारे हात अनेक असतात. कराची-मुंबई मार्गाच्या इतिहासात हे हात एकामागून एक पुढे येताना दिसतात.

विमानाने टपाल नेण्याचा प्रयोग भारताला नवा नव्हता. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानातून नेली. अंतर जेमतेम दहा किलोमीटर. प्रदर्शनातला तो एक खेळ होता, पण जगातल्या पहिल्या अधिकृत हवाई टपालांत त्याची गणना होते. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये रॉयल एअर फोर्सने कराची आणि मुंबई यांच्या दरम्यान काही आठवडे टपाल वाहून पाहिले. तो प्रयोग टिकला नाही.

खरी निकड निर्माण झाली ती १९२९ मध्ये. त्या वर्षीच्या ३० मार्चला इम्पीरियल एअरवेजची लंडन-कराची साप्ताहिक हवाई सेवा सुरू झाली. समुद्रमार्गे दोन आठवड्यांच्या आसपास लागणारे विलायती टपाल आता आठवडाभरात कराचीत येऊ लागले. मात्र कराचीत उतरलेली थैली पुढे मुंबईला न्यायची ती आगगाडीने, आणि ही आगगाडी सरळ जात नसे. कच्छचे रण मध्ये पसरलेले. त्यामुळे लोहमार्ग सिंध हैदराबाद, जोधपूर, मारवाड, अहमदाबाद असा मोठा वळसा घेई. त्यातही दोनदा गेज बदले. हैदराबादपर्यंत रुंद रूळ, तिथून राजपुतान्यातून अहमदाबादपर्यंत मीटरगेज, आणि अहमदाबादहून मुंबईपर्यंत पुन्हा रुंद. प्रत्येक बदलाच्या ठिकाणी थैल्या उतरवायच्या आणि दुसऱ्या डब्यात चढवायच्या. लंडनहून कराचीपर्यंत विमानाने जे कमावले, त्यातला मोठा वाटा या शेवटच्या टप्प्यात गमावला जाई. ज्या मुंबईच्या पेढ्यांना विलायतेतले बाजारभाव सर्वांत आधी हवे असत, त्यांच्या दृष्टीने ही सेवा अर्धवटच होती.

ही फट नेमकी हेरली ती नेव्हिल व्हिन्सेंट या रॉयल एअर फोर्समधून बाहेर पडलेल्या वैमानिकाने. विमानाच्या कसरती दाखवत आणि लोकांना हवाई फेऱ्या घडवत तो भारतभर हिंडला होता, त्यामुळे कुठे मैदान आहे आणि कुठे चिखल, हे त्याला ठाऊक होते. कराचीत येणारे टपाल अहमदाबाद, मुंबई, बेल्लारी या मार्गाने मद्रासपर्यंत न्यायचे, अशी योजना घेऊन तो जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांच्याकडे आला. जे. आर. डी. त्या वेळी पंचविशीत होते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला होता. भारतात दिल्या गेलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला. ज्या मुंबई फ्लाइंग क्लबमध्ये ते शिकले, तो जुहूलाच होता. टाटा सन्सचे अध्यक्ष सर दोराबजी या योजनेविषयी फारसे उत्सुक नव्हते. जॉन पीटरसन या वरिष्ठ सहकाऱ्याने त्यांचे मन वळवले. सरकारशी बोलणी मात्र तीन वर्षे रेंगाळली. टाटांनी आधी अनुदान मागितले, मग अनुदानाचा आग्रह सोडला, आणि अखेर एप्रिल १९३२ मध्ये करार झाला. सरकारने आर्थिक हमी काहीच दिली नाही. जेवढे टपाल वाहाल, तेवढे पैसे.

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून सकाळी साडेसहाच्या सुमारास पस मॉथ जातीचे विमान उडाले. आत अठ्ठावीस वर्षांचे जे. आर. डी., पंचवीसेक किलो टपाल, डोळ्यांवर गॉगल आणि हाताशी स्लाइड रूल, म्हणजे गणिताची सरकती पट्टी. या पट्टीचे महत्त्व आजच्या वाचकाला चटकन कळणार नाही. विमानात रेडिओ नव्हता, जमिनीवर दिशा दाखवणारे दिवे नव्हते. घड्याळ, होकायंत्र आणि वेगदर्शक यांवरून आपण आत्ता कुठे असू, याचा अंदाज वैमानिकानेच बांधायचा. ताशी शंभर मैलांचा वेग, अमुक बाजूने वाहणारा वारा, उडून झालेली इतकी मिनिटे; म्हणजे खाली अमुक गाव दिसले पाहिजे. दिसले नाही, तर गणित चुकले. कराचीहून अहमदाबादकडे जाणारी रेषा कच्छच्या मोठ्या रणावरून जाते, आणि तिथे ओळखीची खूण म्हणावी असे फारसे काही नाही.

अहमदाबादला इंधन भरायचे होते. बर्मा शेल कंपनीने ते तयार ठेवले होते, आणि ते विमानापर्यंत आले बैलगाडीतून, चार चार गॅलनच्या डब्यांत. हवाई युगाचे इंधन बैलांनी ओढून आणावे, हे दृश्य गमतीचे म्हणून अनेकदा सांगितले जाते. परंतु प्रवासाच्या हिशेबात बैलगाडीला तिची नोंद द्यायलाच हवी. कराची ते अहमदाबाद सुमारे ५९० आणि अहमदाबाद ते जुहू सुमारे ४४० किलोमीटर, मिळून एक हजार तीस. ताशी १६० किलोमीटरने उडण्याचा वेळ साडेसहा तासांच्या आसपास होतो. जे. आर. डी. दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी जुहूला टेकले, म्हणजे एकूण सव्वासात तास. वरचा पाऊण तास जमिनीवरचा.

इथे घड्याळाचीही एक गंमत आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली असली, तरी मुंबई शहराने आपली ‘मुंबई वेळ’ जिद्दीने जपली होती आणि ती प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे होती. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे हा दुहेरी कारभार चालला. रेल्वे आणि तार खाते एका वेळेने चालत, नगरपालिकेची घड्याळे दुसऱ्या. तेव्हा विमान ‘किती वाजता आले’ या साध्या प्रश्नालाही त्या काळच्या मुंबईत दोन उत्तरे संभवत.

जुहूला टपालाची मुंबईची थैली उतरली, आणि उरलेले टपाल दुसऱ्या पस मॉथमध्ये घालून व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासकडे निघाला. पुढे एअर इंडिया या नावाने जगभर गेलेल्या कंपनीचा हा पहिला दिवस.

मात्र ‘मुंबईत उतरले’ असे म्हणताना एक दुरुस्ती आवश्यक ठरते. जुहू तेव्हा मुंबई शहरात नव्हतेच. माहीमच्या खाडीपलीकडचे साष्टी बेट हा वेगळा मुलूख होता. १९२० मध्ये स्थापन झालेल्या मुंबई उपनगर जिल्ह्याचा तो भाग, त्याचे मुख्य ठाणे वांद्रे. अंधेरी, पार्ले, सांताक्रूझ ही आगगाडीच्या स्थानकाभोवती हळूहळू वाढणारी वस्ती. पश्चिमेला माडांच्या वाड्या, कोळीवाडे आणि भरतीच्या पाण्याने भिजणारी खाजणे. शहरात विमानासाठी मोकळी सपाट जागा कुठे होती? ती मिळाली शहराबाहेरच्या या चिखलपट्टीवर. अंधेरी-जोगेश्वरीपर्यंतची उपनगरे बृहन्मुंबईत आली ती १९५० मध्ये. बोरिवली आणि मुलुंड त्याही नंतर, १९५७ मध्ये. याउलट कराची मात्र १९३२ साली मुंबई इलाख्यातच होती. सिंध वेगळा प्रांत झाला १ एप्रिल १९३६ रोजी. म्हणजे जे. आर. डीं.नी त्या दिवशी केलेला प्रवास एकाच इलाख्याच्या दोन बंदरांमधला होता. सीमा नव्हती, परवाना नव्हता, चलनही तेच. कराचीतील जुन्या आणि नावाजलेल्या शाळांपैकी एकीला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे, ते याच एकत्र कारभाराच्या काळातले. कराचीचा बंदर रोड आणि मुंबईचा फोर्ट यांच्यामधले नाते सरकारी दप्तरातही एकाच घरातले होते.

पहिल्या उड्डाणाच्या छायाचित्रांपेक्षा त्यानंतरचे वर्ष अधिक बोलके आहे. जुहूच्या तळावर झावळ्यांनी शाकारलेली एक खोपी, हेच काय ते कार्यालय. पावसाळा सुरू झाला की मैदानात पाणी साचे. त्यात भरतीची भर. विमान उतरणार कुठे? मग विमाने, वैमानिक, यंत्रज्ञ असा सारा पसारा उचलून पुण्याला न्यायचा आणि येरवड्याच्या एका मैदानावरून, तुरुंगाच्या सावलीत, सेवा चालू ठेवायची. त्याच तुरुंगात, कराचीच्या उड्डाणाआधी बरोबर तीन आठवडे, पुणे करारावर सह्या झाल्या होत्या. एकाच वर्षाच्या दोन इतक्या वेगळ्या घटनांना एक मैदान आणि एक भिंत जोडते.

घाटावरच्या ढगांतून, खाली दिसेनासे झाले तरी, ही लहानशी विमाने ये-जा करत राहिली. पहिल्या वर्षात टाटांच्या विमानांनी सुमारे १ लाख ६० हजार मैल उड्डाण केले, १५५ प्रवासी नेले आणि साठ हजार रुपये नफा मिळवला. नफ्यापेक्षाही मोठी नोंद वक्तशीरपणाची. नागरी विमान वाहतूक खात्याच्या अहवालाने या सेवेची वाखाणणी केली, कारण वर्षभरात, अगदी पावसाळ्यातही, मुंबई-मद्रासकडचे टपाल कराचीला चुकले नव्हते. ताशी शंभर मैलांच्या विमानाने हे साधले. वेग कमी होता, पण निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ पाळली जात होती.

पुढची काही वर्षे वेगाची आहेत आणि ती भराभर ओलांडता येतील. १९३७ मध्ये मुंबई-दिल्ली सेवा सुरू झाली. तीही इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर अशा थांब्यांनी. दुसऱ्या महायुद्धात व्हिन्सेंट गेला. जानेवारी १९४२ मध्ये इंग्लंडहून परतताना त्याचे विमान फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ नाहीसे झाले. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्स सार्वजनिक कंपनी होऊन एअर इंडिया झाली. युद्धातून उरलेल्या डकोटा विमानांनी कराची-मुंबई अंतर ढोबळ हिशेबाने तीन ते साडेतीन तासांवर आणले.

युद्धाने मुंबईला दुसरीही एक गोष्ट दिली, ती म्हणजे सांताक्रूझचा विमानतळ. रॉयल एअर फोर्सने युद्धकाळात बांधलेला हा तळ रेल्वेच्या पूर्वेला, पार्ले आणि अंधेरीच्या हद्दीत, जुहूपासून अवघ्या तीन-चार किलोमीटरांवर. युद्धानंतर मोठ्या विमानांचा मुक्काम तिकडे हलला. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा मार्गे लंडनला निघाले, तेव्हा १९२९ पासून कराचीचे असलेले पश्चिमेच्या दाराचे महत्त्व मुंबईकडे सरकले होते.

तीन-चार किलोमीटरांचे अंतर आकाशातून किती असते? ताशी दोनशे किलोमीटरने खाली येणाऱ्या विमानाला जेमतेम एका मिनिटाचे. जुहूची आणि सांताक्रूझची मुख्य धावपट्टी जवळजवळ एकाच दिशेने, पूर्व-पश्चिम, आखलेली आहे. समुद्रावरून येणाऱ्या वैमानिकाला आधी जुहू दिसते. १५ जुलै १९५३ रोजी, ऐन पावसाळ्यात, बीओएसीचे कॉमेट जातीचे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. जगातले पहिले प्रवासी जेट, आणि खाली पस मॉथच्या काळातले मैदान! विमान शाबूत राहिले, पण त्या तोकड्या धावपट्टीवरून ते पुन्हा उडवून बाहेर काढायला नऊ दिवस लागले. कॉमेटने जो काळ वाचवला असता, तो जुहूने व्याजासकट परत घेतला. एवढ्यावर ही चूक थांबली नाही. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ असेच जुहूला उतरले आणि धावपट्टी ओलांडून पुढे गेले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही; विमान मात्र कायमचे निकामी झाले.

या दोन अपघातांच्या दरम्यान आणि त्यानंतर उपनगरांनी विमानतळाला चहूबाजूंनी वेढले. सहार गावाच्या बाजूचे आंतरराष्ट्रीय टर्मिनल १९८१ मध्ये सुरू झाले, आणि उड्डाणाचे वेळापत्रक शहराच्या रस्त्यांशी कायमचे बांधले गेले. मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या माणसाला संध्याकाळच्या गर्दीत सहारपर्यंत पोहोचायला जो वेळ लागतो, त्यात एखादे जेट कराची गाठू शकेल. वरती आकाशातही दाटी तीच. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत; तरीही ८ डिसेंबर २०१८ रोजी या विमानतळाने चोवीस तासांत १,००७ विमानांची ये-जा हाताळली. अशा गर्दीत वेळापत्रक लिहिणारा घिरट्यांसाठी थोडी मिनिटे आधीच राखून ठेवतो. ‘विमान वेळेआधी पोहोचले’ या आनंदाचे रहस्य बहुधा या राखीव मिनिटांत असते.

चिखल, पाऊस, बैलगाडी, तोकडी धावपट्टी, रहदारी. प्रवासाचा वेळ वाढवणाऱ्या या सर्व गोष्टींवर माणसाने कमीअधिक उपाय शोधले. कराची-मुंबई मार्गावर याहून वेगळी अडचण उभी राहिली, आणि तिच्यावर अभियंत्यांपाशी उपाय नव्हता.

ऑगस्ट १९४७ नंतर हा मार्ग आंतरराष्ट्रीय झाला. त्या वर्षी आणि विशेषतः जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर सिंधमधून हजारो कुटुंबे मुंबईकडे निघाली. त्यांतली बहुसंख्य विमानाने नव्हे, तर बोटीने आली आणि मुंबईच्या गोदीत उतरून कल्याण, चेंबूर, मुलुंड येथील निर्वासितांच्या वसाहतींत विसावली. आज मुलुंड कॉलनीत किंवा चेंबूरच्या कॅम्पात राहणाऱ्या अनेक घरांच्या आठवणींत कराची हे नाव गावाचे आहे, परदेशाचे नाही. १९४८ मध्येच पश्चिम पाकिस्तानशी ये-जा करण्यासाठी परवाना पद्धत लागू झाली, आणि १९५२ मध्ये पासपोर्ट व व्हिसा आले. विमान तीन तासांत पोहोचत होते. परवाना कधी हाती पडेल, हे सांगता येत नव्हते.

नंतरचा इतिहास बंद-चालू अशा कळीचा आहे. १९६५ च्या युद्धात हवाई संबंध तुटले. जानेवारी १९७१ मध्ये श्रीनगरहून जम्मूला निघालेले ‘गंगा’ हे फोकर विमान लाहोरला पळवून नेऊन जाळण्यात आले, आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. त्याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. कराचीहून ढाक्याला जाणारी विमाने आता भारतावरून सरळ जाऊ शकेनात. त्यांना भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालून कोलंबोमार्गे जावे लागले. एकाच देशाच्या दोन भागांतले सुमारे २,३५० किलोमीटरांचे अंतर दुपटीच्या घरात गेले. त्या वर्षअखेर बांगलादेश जन्माला आला. त्यामागची कारणे अर्थातच फार खोल होती, पण लांबलेली ती हवाई वाट लष्करी हिशेबात कुणालाही दुर्लक्षिता आली नाही.

सिमला करारानंतर चार वर्षांनी, १९७६ मध्ये, हवाई सेवा पुन्हा सुरू झाली आणि कराची-मुंबई मार्ग अनेक वर्षे चालला. माहेरी जाणाऱ्या मुली, लग्नाला निघालेली मेमन आणि बोहरा कुटुंबे, क्रिकेटचे चाहते, व्यापारी यांनी या मार्गावर ये-जा केली. संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून दोन वर्षे तो पुन्हा बंद राहिला. २००४ च्या आरंभी उघडला. मे २०१७ मध्ये पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सने कराची-मुंबई सेवा थांबवली. त्यानंतर या दोन शहरांत थेट प्रवासी विमान धावलेले नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना आकाशच बंद केले.

आता सुरुवातीच्या हिशेबाकडे परत यावे. आज कराचीतल्या माणसाला मुंबईस यायचे असेल आणि व्हिसा मिळाला असेल, तर तो दुबईसारख्या आखाती शहरातून येतो. कराची ते दुबई सुमारे १,१९० किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या नेमक्या उलट, पश्चिम दिशेला. दुबई ते मुंबई सुमारे १,९३० किलोमीटर. बेरीज ३,१२० किलोमीटर, सरळ अंतराच्या साडेतीन पट. उड्डाणाचे सुमारे पाच तास, आणि मधल्या विमानतळावर दुसऱ्या विमानाची वाट पाहण्याचे दोन-चार तास तरी. पस मॉथचा सव्वासात तासांचा विक्रम, ज्याला विक्रम म्हणावे असे त्या काळी कुणाला वाटलेही नसते, अशा रीतीने अबाधित राहिला आहे.

जे. आर. डीं.नी स्वतः हा मार्ग पुन्हा उडून पाहिला होता. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. एकटेच लेपर्ड मॉथ या जुन्या जातीच्या विमानात बसून कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. तोपर्यंत दोन देशांत तीन युद्धे झाली होती. तरीही एका म्हाताऱ्या वैमानिकाला कराचीतून उडू देण्याइतकी वाट तेव्हा उघडी होती.

१५ ऑक्टोबर २०२१ रोजी बोरिवलीची वैमानिक आरोही पंडित हिने त्याच उड्डाणाची पुनरावृत्ती केली. अतिशय हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक महासागर पार करणारी ती जगातली पहिली स्त्री. त्या मानाने हा प्रवास छोटा. उपग्रहाची मदत न घेता, नकाशा आणि घड्याळ यांच्या आधाराने, जुन्या पद्धतीने तो करायचे ठरले. विमान अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले, सारे १९३२ प्रमाणे. फक्त ते निघाले कराचीहून नव्हे, तर तिथून सुमारे तीनशे किलोमीटर अलीकडे, भुजच्या धावपट्टीवरून. १९७१ च्या युद्धात बाँबवर्षावाने उखडलेली आणि माधापर गावच्या तीनशे स्त्रियांनी ७२ तासांत पुन्हा बांधून काढलेली हीच ती धावपट्टी.

जुहूचे मैदान आजही तिथेच आहे. फ्लाइंग क्लबची विमाने आणि अरबी समुद्रातल्या तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टरे तिथून उडतात, आणि जोराचा पाऊस झाला की आजूबाजूच्या रस्त्यांवर अजूनही पाणी साचते.